पैलवानांची अडगळ जमवायची असेल तर

जपानमध्ये रिकिदोझान नावाचा पैलवान होऊन गेला. १९ फेब्रुवारी १९५४ रोजी शार्प बंधूंबरोबरची त्याची लढत टीव्हीवर दाखवली, तेव्हा घरी टीव्ही असलेले लोक अगदी थोडे होते. बाकीच्यांनी चौकाचौकांत लावलेल्या संचांपुढे गर्दी केली. पुढं त्याचं चित्र पुठ्ठ्याच्या जाड पानांवर आलं. या पानांना तिकडं मेन्को म्हणतात. आपल्याकडची पोरं काड्यापेटीच्या छापांवर डाव लावायची, तशी जपानी पोरं मेन्को जमिनीवर आपटून समोरच्याचं पान उलटवायची. रिकिदोझान १९६३ मध्ये वारला. पोरांनी आपटून आपटून कोपरे मोडलेली ती पानं आज संग्राहक प्लॅस्टिकच्या पाकिटात घालून ठेवतात, त्यांच्या याद्या करतात, आणि पान कोणत्या वर्षाचं यावर तावातावानं भांडतात.

याच रिकिदोझानशी आपला दारासिंग जपानमध्ये जाऊन लढला होता. दारासिंगच्या सिनेमांच्या जाहिराती, गाण्यांच्या चोपड्या, कुस्त्यांची हँडबिलं आपल्याकडं किती उरली? दारासिंगचं नाव तरी मोठं. वऱ्हाडातल्या गावोगावच्या कुस्तीच्या दंगलींचं काय? १९६७ चं महाराष्ट्र केसरीचं अधिवेशन आपल्या खामगावला झालं आणि चंबा मुतनाळ यांनी किताब जिंकला. शेगावपासून वीस किलोमीटरच्या आतली ही गोष्ट. त्या आठवड्यातला एखादा बिल्ला, तिकिटाचा तुकडा, मंडपासमोर काढलेला फोटो तुमच्या माळ्यावर असू शकतो. या लेखात अशाच वस्तूंचा विचार आहे: पैलवानांच्या नावानं छापल्या गेलेल्या, विकल्या गेलेल्या, फुकट वाटल्या गेलेल्या किरकोळ वस्तू. त्या कशा ओळखायच्या, कुठं मिळवायच्या, किती पैसे मोजायचे आणि घरी आणल्यावर त्यांचं काय करायचं.

आधी धागा ठरवा

‘कुस्तीचं सगळं जमवतो’ म्हणणाऱ्याकडं दोन वर्षांत एक भरलेली खोली होते, संग्रह होत नाही. एक बारीक धागा धरा. शेगावच्या माणसासाठी माझ्या मते चार धागे सोयीचे आहेत. पहिला वऱ्हाडातल्या दंगलींच्या कागदांचा. दुसरा दारासिंग आणि त्याच्या काळातल्या फ्रीस्टाइल कुस्तीचा. तिसरा नव्वदीतल्या डब्ल्यूडब्ल्यूएफच्या ट्रम्प कार्डांचा. चौथा जपानचा, पण भारताशी नातं असलेल्या वस्तूंपुरताच.

पाचवा एक धागा खास शेगावचा आहे. गजानन महाराजांनी हरी पाटलांना आखाड्यात नेलं, स्वतः बसले आणि ‘मला उठव’ म्हणाले, हा प्रसंग दासगणूंच्या ‘श्री गजानन विजय’मुळं घरोघरी माहीत आहे. पोथी १९३९ ची. या प्रसंगाचं जुनं चित्र, कॅलेंडर, पोथीच्या जुन्या आवृत्तीतलं चित्र असं काही नजरेस पडलं, तर भक्तीसाठी घेणारे पुष्कळ असतील, पण कुस्तीचं चित्र म्हणून घेणारे तुम्ही बहुधा एकटेच असाल. अशी जागा संग्राहकाला फार क्वचित मिळते.

सुरुवात पहिल्या धाग्यानं करा, असा माझा आग्रह आहे. त्याला पैसे कमी लागतात, वस्तू जवळ असतात, आणि मुख्य म्हणजे ज्यांना विचारायचं ती माणसं अजून ओट्यावर बसलेली आहेत. रिकिदोझानची मेन्को पानं दहा वर्षांनीही विकत मिळतील. तुमच्या गावच्या दंगलीचं हँडबिल मिळेल याची खात्री नाही.

हँडबिल वाचायचं कसं

दंगलीचं हँडबिल हलक्या रंगीत कागदावर छापलेलं असायचं: गुलाबी, पिवळा, पोपटी. वर मारुतीला वंदन, मग निमित्त, म्हणजे नागपंचमी, पोळा, जत्रा किंवा उरूस. त्याखाली एक नंबरच्या जोडीची नावं मोठ्या टायपात, कोणत्या वस्तादाचा पट्ठा ते कंसात, इनामाची रक्कम, आणि मग उतरत्या भाजणीनं बाकीच्या जोडी. शेवटी पंचांची नावं, आणि नारळावरच्या, रेवड्यांवरच्या कुस्त्या किती वाजता सुरू होतील ते. पश्चिम महाराष्ट्रातला कागद असेल तर ‘जंगी मैदान’ असं छापलेलं दिसेल, आपल्याकडं बहुधा ‘दंगल’.

यातल्या पुष्कळ कागदांवर तारीख असते पण साल नसतं, कारण छापणाऱ्याच्या मनात पुढच्या रविवारच्या पलीकडं काही नव्हतं. साल आपल्याला शोधावं लागतं, आणि या छंदातली खरी मजा तिथंच आहे.

सगळ्यात आधी तळाची बारीक ओळ बघा. १८६७ च्या छापखान्यांच्या कायद्यानं प्रत्येक छापील कागदावर मुद्रकाचं नाव आणि ठिकाण घालणं बंधनकारक होतं, म्हणून हँडबिलावर छापखान्याचं नाव सहसा सापडतं. तो छापखाना कधी सुरू झाला, कधी बंद पडला, हे त्या गावातले लोक सांगतात. एवढ्यावर निम्मं काम होतं.

मग पैसे बघा. तिकिटाचा दर आण्यांत असेल तर कागद १ एप्रिल १९५७ च्या आधीचा किंवा त्याच्या आसपासचा. ‘नये पैसे’ छापलं असेल तर १९५७ ते १९६४ च्या दरम्यानचा. पत्त्यात पिनकोड असेल तर १५ ऑगस्ट १९७२ नंतरचाच. एखादा विक्रेता ‘एकोणीसशे पंचावन्नचं पोस्टर’ म्हणून दाखवत असेल आणि खाली सहा आकडी पिन छापलेला असेल, तर चहा पिऊन निघून यावं.

आपल्या भागाला आणखी एक सोय आहे, जी कोल्हापूरकरांना नाही. वऱ्हाडाचा राज्यकारभार इतक्यांदा बदलला की पत्त्यावरूनच काळ कळतो. ‘मध्यप्रांत व वऱ्हाड’ असं असेल तर कागद स्वातंत्र्याच्या अलीकडचा-पलीकडचा, पण १९५० च्या आधीचा. ‘मध्यप्रदेश’ असेल तर १९५० ते १ नोव्हेंबर १९५६ मधला. त्यानंतर साडेतीन वर्षं आपण द्विभाषिक मुंबई राज्यात होतो. ‘महाराष्ट्र राज्य’ १ मे १९६० पासून पुढं. बुलढाणा जिल्ह्याच्या कागदावर ‘मध्यप्रदेश’ वाचून छपाईची चूक समजू नका. असा कागद मिळाला तर जपून ठेवा.

लेखनपद्धतीही बोलते. १९६२ मध्ये मराठी लेखनाचे नवे नियम आले आणि न उच्चारले जाणारे अनुस्वार गेले. ‘कुस्त्यांचें’, ‘येथें’, ‘होतील’च्या शेजारी ‘करावें’ असे अनुस्वार भरभरून दिसले तर कागद बहुधा त्याआधीचा. हा पुरावा मात्र एकटा पुरेसा नाही, कारण जुन्या वळणाचे जुळारी नियम बदलल्यावरही हाताच्या सवयीनं टिंब देत राहिले. शके दिले असतील तर त्यात ७८ मिळवा, म्हणजे शके १८८९ हे १९६७. जानेवारीपासून गुढीपाडव्यापर्यंतची तारीख असेल तर ७९ मिळवायचे. तारीख आणि वार दोन्ही असतील तर मोबाइलवर जुनं कॅलेंडर काढून जुळवा. वार जुळणारी वर्षं मोजकीच निघतात, आणि बाकीचे पुरावे लावले की एकच उरतं.

आता खरेखोटेपणाचं. छोट्या गावांत खिळे जुळवून ट्रेडलवर छपाई व्हायची. खिळ्याचा दाब कागदात उतरतो. कागद उलटा करून बोट फिरवलं तर अक्षरांचा उठाव लागतो. फोटो असेल तर तो ब्लॉकवरून छापलेला, भिंगातून जाड जाड ठिपके दिसणारा. दहापट मोठं दाखवणारं सोनाराचं भिंग घ्या, यापेक्षा उपयोगी खरेदी या छंदात दुसरी नाही. भिंगाखाली ठिपक्यांऐवजी रंगाचे बारीक फवारे दिसले तर ती संगणकाच्या प्रिंटरची नक्कल आहे. चहाच्या पाण्यात बुडवून कागद पिवळा करणारे लोक आहेत; पण खरा जुना कागद कडांना जास्त आणि आत कमी पिवळा होतो, घडीवर फाटतो, आणि चहाचा पिवळेपणा सगळीकडं सारखा बसतो. नोटा तपासायचा जांभळा दिवा असेल तर अंधारात कागदावर मारून बघा. कागदात चकाकीचं रसायन घालण्याची पद्धत साधारण १९५० नंतर रुळली. १९३० चा म्हणून दिलेला कागद त्या दिव्याखाली निळापांढरा उजळला तर तो परत करावा.

फोटो, गदा, लंगोट

तालमीतल्या फोटोंबद्दल एकच गोष्ट लक्षात ठेवा: नाव नसलेला फोटो अर्धा मेलेला असतो. फोटो घेताना मागं काय लिहिलं आहे ते बघा, स्टुडिओचा शिक्का बघा. पुठ्ठ्यावर चिकटवलेला फोटो सोडवू नका. नावं कळली की मऊ शिसपेन्सिलीनं मागं लिहा. बॉलपेन दुसऱ्या बाजूला उमटतं.

गदा, मुदगल, चांदीचं कडं या वस्तूंकडं मन ओढतं, पण नवशिक्यानं त्यात लगेच पडू नये. गदा कोणी कोणाला कधी दिली हे कोरलेलं नसेल तर तिचा इतिहास विक्रेत्याच्या जिभेवरच असतो. खामगाव चांदीच्या कारागिरीसाठी प्रसिद्ध आहे. चांदीचं काम खरं की मुलामा, हे तिथल्या जाणत्या कारागिराकडून पारखून घेता येतं. ती गदा कोणाची, हे मात्र कारागीर सांगू शकत नाही. पितळ किंवा चांदी घरी आणल्या आणल्या पितांबरीनं घासून लख्ख करण्याचा मोह होतो. तो आवरा. वर्षांची झाक एकदा गेली की परत येत नाही, आणि कोरीव अक्षरंही घासून बुजतात.

तालमीत पुजली जाणारी गदा, मारुतीपुढचा मुदगल, वापरातली वस्तू विकत मागू नये. मागून मिळालीही तरी घेऊ नये. पुजारी बदलला, विश्वस्त बदलले की अशा व्यवहारांची भांडणं गावात पिढ्यान्पिढ्या चालतात.

कायद्याचंही थोडं. १९७२ च्या पुरावस्तू कायद्याप्रमाणं शंभर वर्षांवरची कारागिरीची वस्तू आणि पंचाहत्तर वर्षांवरचा ऐतिहासिक महत्त्वाचा दस्तऐवज पुरावस्तू ठरू शकतो. तो खाजगी माणसाला परदेशी पाठवता येत नाही आणि त्याच्या धंद्याला परवाना लागतो. परदेशातल्या नातेवाइकाला जुनं काही ‘भेट’ पाठवण्याआधी हे ध्यानात ठेवा.

दारासिंग

दारासिंगच्या वस्तू दोन जातींच्या: कुस्तीच्या आणि सिनेमाच्या. कुस्तीच्या दुर्मीळ आहेत. मुंबईत वरळीच्या वल्लभभाई पटेल स्टेडियमवर त्याच्या फ्रीस्टाइल कुस्त्या व्हायच्या. त्यांची तिकिटं, कार्यक्रमपत्रिका, वर्तमानपत्रांतल्या जाहिराती हा खरा खजिना. १९६८ मध्ये मुंबईतच त्यानं अमेरिकन पैलवान लू थेझला हरवलं, त्या लढतीचा कुठलाही कागद मिळाला तर घासाघीस न करता घ्यावा. हंगेरीत जन्मलेल्या किंग काँगबरोबरच्या त्याच्या जोडीची पोस्टरं तर आता बहुतेक नकलाच असतात.

सिनेमाच्या वस्तू त्यामानानं सापडतात. ‘किंग काँग’ १९६२ चा, ‘फौलाद’ १९६३ चा, ‘सॅमसन’ १९६४ चा. त्या काळी थिएटराबाहेर गाण्यांच्या चोपड्या विकल्या जायच्या, त्यांतल्या बऱ्याच मुखपृष्ठांवर दारासिंगचे दंड आणि मुमताजचा चेहरा. पूर्ण पोस्टरापेक्षा या चोपड्यांनी सुरुवात करा. एक तर त्या स्वस्त, दुसरं म्हणजे त्यांच्या नकला कोणी फारशा काढत नाही. पोस्टरांच्या नकलांचा मात्र सुळसुळाट आहे. जुनं पोस्टर घड्या घालून टपालानं जायचं, त्यामुळं गुंडाळलेलं, एकही घडी नसलेलं, पांढरंशुभ्र ‘मूळ’ पोस्टर दिसलं की सावध व्हा.

एक सुचवू का? सगळे सिनेमाच्या मागं आहेत तोवर तुम्ही वर्तमानपत्रांतल्या कुस्तीच्या जाहिराती गोळा करा. रद्दीत मिळतात, आणि त्यांवर तारीख छापलेलीच असते.

ट्रम्प कार्डं

ज्यांचं बालपण १९९२ ते २००० च्या दरम्यान शेगावच्या गल्ल्यांत गेलं, त्यांना हे समजावून सांगायची गरज नाही. केबल आली, डब्ल्यूडब्ल्यूएफ आलं, आणि पाठोपाठ किराणा दुकानात कार्डं आली: रँक, उंची, वजन, छाती, बायसेप्स, किती लढती, किती विजय. वजनावर डाव आला की योकोझुनाचं पान हातात असलेला निर्धास्त असायचा. जपानी सुमो म्हणून दाखवलेला हा योकोझुना जपानी नव्हताच. सामोअन घराण्यातला अमेरिकन होता. बऱ्याच मराठी पोरांना माहीत असलेला पहिला ‘जपानी पैलवान’ असा खोटा निघाला.

ही कार्डं बहुतेक विनापरवाना छापलेली, त्यामुळं छपाई, आकडे, नावांची स्पेलिंगं सगळ्यांत गोंधळ. संग्राहकाला हा गोंधळच हवा असतो. कंपनीचं नाव मे २००२ मध्ये डब्ल्यूडब्ल्यूई झालं, तेव्हा नव्या नावाचं कार्ड त्याआधीचं असणार नाही. जुन्या नावाचं मात्र नंतरही छापलेलं असू शकतं. सुटी कार्डं घेऊन संच जुळवत बसण्यापेक्षा एकाच घरातून आलेला अर्धा संच, खोक्यासकट, वर पोराच्या अक्षरात लिहिलेल्या नावासकट घ्या.

जपानकडं जायचंच असेल तर

जाऊ नका असं मी म्हणणार नाही. त्यांच्या वस्तूंत गंमत फार आहे. फक्त त्या समुद्रात दोरीशिवाय उतरू नका. दोरी म्हणजे भारताचा संबंध. रिकिदोझाननं १९५५ मध्ये टोकियोत किंग काँगला हरवून आशियाई किताब घेतला, तो काळ. त्याचे दोन शिष्य, अंतोनिओ इनोकी आणि जायंट बाबा, यांनी १९७२ मध्ये आपापल्या वेगळ्या कंपन्या काढल्या. इनोकीचा सर्वांत गाजलेला खलनायक होता पंजाबात जन्मलेला कॅनडावासी टायगर जीत सिंग, जो फेटा बांधून, तलवार तोंडात धरून यायचा. हाच इनोकी २६ जून १९७६ ला मोहम्मद अलीशी लढला आणि त्याच वर्षी १२ डिसेंबरला कराचीत अक्रम पैलवानाशी. अक्रम म्हणजे गामाच्या घराण्यातला. या लढतींच्या कार्यक्रमपत्रिका, छोटे फोटो, मासिकांचे अंक असे धरले तर पाच-पंचवीस वस्तूंत एक अर्थपूर्ण संग्रह उभा राहतो.

आणि गंमतच हवी असेल तर किन्निकुमान बघा. १९७९ मध्ये सुरू झालेली ही पैलवानांची चित्रकथा. १९८३ पासून तिच्यातल्या पात्रांची बोटाएवढ्या रबरी बाहुल्या नाणं टाकायच्या यंत्रातून मिळू लागल्या. त्यांना खोडरबर म्हणत, पण त्यांनी पेन्सिलीची रेघ धड खोडली जात नाही. त्यात करी-कुक नावाचा एक भारतीय पैलवान आहे, ज्याच्या डोक्यावर भात-करीची थाळी ठेवलेली असते. माझ्या मते वऱ्हाडातल्या कुस्तीसंग्राहकाच्या कपाटात हा एक तरी असायलाच हवा.

खरेदी जपानी लिलावाच्या संकेतस्थळांवरून होते, आणि ती बहुतेक परदेशी थेट पार्सल पाठवत नाहीत. बुयी, झेनमार्केट यांसारखे मध्यस्थ तिकडं वस्तू घेतात आणि इकडं पाठवतात. वस्तूची किंमत, मध्यस्थाचं शुल्क, तिकडचं टपाल, इकडचं टपाल, वर आपलं सीमाशुल्क आणि जीएसटी अशी बेरीज आधी कागदावर करा, नाहीतर शंभर रुपयांची बाहुली हजाराला पडते. म्हणून एकेक न मागवता वस्तू मध्यस्थाच्या गोदामात साठवून एकदम आणतात. पार्सलवर ‘गिफ्ट’ लिहून पाठवा, असा सल्ला कोणी दिला तर तो ऐकू नका. ते खोटं विवरण ठरतं. वर्णन मोबाइलनं भाषांतरित करताना ‘पुनर्मुद्रण’ हा शब्द कुठं लपला आहे का बघा. जपानी विक्रेते सहसा तो लिहितात. पाठीचा फोटो मागा: जुन्या मेन्कोच्या पाठीवर अनेकदा लांबलचक आकडा आणि दगड-कागद-कात्रीची खूण असते.

कुठं शोधायचं

शेगाव हे मुंबई–नागपूर मार्गावरचं स्टेशन असल्यानं सगळीकडं जाता येतं, पण सुरुवात पायी चालत करा. रद्दीवाले, बंद पडलेले छापखाने, जुने फोटो स्टुडिओ, केशकर्तनालयं. छापखान्यात तर नमुना म्हणून ठेवलेली प्रत खिळ्याला टांगलेली सापडते. प्रत्येक कामाची एक प्रत जपायची बऱ्याच जुळाऱ्यांना सवय असे. नंतर खामगाव, आणि तिथं १९६७ बद्दल थेट विचारा. मग अकोला, जिथं १९७३ चं महाराष्ट्र केसरी झालं आणि लक्ष्मण वडार जिंकले. आणि अमरावती, जिथं १९६४ मध्ये गणपत खेडकर जिंकले. अमरावतीचं हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ चं. त्याचं पथक १९३६ मध्ये बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी भारतीय खेळांची प्रात्यक्षिकं दाखवून आलं. तिथं विकत घ्यायला जाऊ नका, बघायला आणि शिकायला जा. बडोद्याचा मुजुमदारांचा दहा खंडांचा ‘व्यायामज्ञानकोश’ कुठल्या ग्रंथालयात मिळाला तर कुस्तीची पानं वाचून काढा. हँडबिलावरचे शब्द मग उलगडतात.

पुण्याचा जुना बाजार बुधवारी आणि रविवारी भरतो. मुंबईच्या चोर बाजारात सिनेमाचे कागद भरपूर, भावही तसेच. तिथं पहिल्या भेटीत काही घेऊ नये, फक्त भाव ऐकावेत.

भावाबद्दल एवढंच सांगता येतं की पक्का भाव नाही. तुमच्या धाग्यातली वस्तू, तारीख पक्की, गाव ओळखीचं, तर जास्त द्या. धाग्याबाहेरची वस्तू स्वस्त आहे म्हणून घेऊ नका. आणि विकणारा एखाद्या पैलवानाच्या घरचा असेल, त्याला वस्तूची किंमत माहीत नसेल, तर ती तुम्ही सांगा. मूळ फोटो त्यांच्याकडंच राहू द्या, तुम्ही चांगला स्कॅन घ्या, आणि एक मोठी प्रत चौकट करून त्यांना द्या. अशा घरातून मग पुढच्या दहा घरांचे पत्ते मिळतात.

वऱ्हाडातला उन्हाळा आणि वाळवी

इथं उन्हाळ्यात पारा पंचेचाळीसच्या आसपास जातो आणि टिनाच्या छपराखालचा माळा त्याहून तापतो. कागद, फोटो, प्लॅस्टिक यांपैकी काहीही माळ्यावर ठेवू नका. लोखंडी कपाट, बाहेरच्या भिंतीपासून वीतभर दूर, खाली विटा किंवा पाय. पावसाळ्यात ओल शोषणाऱ्या पुड्या. डांबराच्या गोळ्या कागदाला टेकतील अशा ठेवू नयेत. वाळवी आणि कसर बघायला दर दोन-तीन महिन्यांनी कपाट रिकामं करायचं, याला पर्याय नाही.

कागद लॅमिनेट करू नका. हे तीनदा लिहायला हवं. लॅमिनेशन परत निघत नाही आणि आतल्या आत कागद तपकिरी होत जातो. सेलोटेपही नको, फाटलं असेल तर तसंच पॉलिएस्टरच्या पाकिटात ठेवा. पीव्हीसीची चकचकीत पाकिटं फोटोला चिकटतात. रबरी बाहुल्यांची एक वेगळी खोड असते: त्यांतलं मऊपणा देणारं तेल बाहेर झरतं, आणि कडक प्लॅस्टिकच्या डबीत ठेवल्या तर डबी वितळून बाहुली तिच्यात रुतून बसते. प्रत्येक बाहुली कागदात वेगळी गुंडाळा. लंगोट, फेटा, कापडी पट्टे धुऊ नका. सावलीत झटकून धुतलेल्या मलमलीत सैल गुंडाळा आणि घडी दर वर्षी बदला.

वही

ज्याच्याकडं वही नाही त्याच्याकडं संग्रह नाही, हे माझं ठाम मत आहे. प्रत्येक वस्तूला क्रमांक. वस्तू काय, कोणाकडून, कोणत्या गावातून, कधी, किती रुपयांना. तिच्याबद्दल देणाऱ्यानं काय सांगितलं. आणि त्यातलं तुम्ही स्वतः काय पडताळलं. शेवटचे दोन रकाने वेगळे ठेवा. सांगीव आणि पडताळलेलं एकत्र झालं की पुढच्या माणसाला दोन्ही निरुपयोगी. पुण्यात दिनकर केळकरांनी दिवे, अडकित्ते, दौती अशा घरगुती वस्तूंतून संग्रहालय उभं केलं. नोंदी नसत्या तर ती सगळी नुसती भांडीकुंडी ठरली असती.

या वर्षी काही विकत घेतलं नाही तरी चालेल. तुमच्या गावातल्या सगळ्यात म्हाताऱ्या वस्तादाकडं घरातलाच एखादा तालमीचा फोटो घेऊन जा, मोबाइलवर आवाज टिपायला लावा, आणि डावीकडून उजवीकडं एकेकाचं नाव विचारा. ते काम पुढच्या उन्हाळ्यावर ढकलू नका.